रसद, शिधा आणि हुडहुडी

लांब पल्ल्याच्या पदभ्रमणाविषयी आलेल्या पत्रांतून या वेळी सहा प्रश्न निवडले आहेत. शिध्याविषयी विचारणाऱ्यांनी थंडीचा उल्लेख फारसा केलेला नाही आणि थंडीविषयी विचारणाऱ्यांनी शिध्याचा. माझ्या मते ही दोन वेगळी खाती नाहीत. पाठीवरच्या अन्नातून आणि इंधनातून जेवढी ऊब मिळते तेवढीच वाटेवर आपल्या हाती असते, आणि ती कोठे व किती दिवसांनी पुन्हा भरून घ्यायची, हे ठरवणे म्हणजेच रसदीचे नियोजन.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र साधारण पाच महिने चालणार आहोत. सगळा शिधा निघण्यापूर्वीच खोक्यांत बांधून टपालाने पुढच्या गावांना पाठवावा, की वाटेतल्या दुकानांतून घेत जावा? मित्राने बावीस खोक्यांची यादी तयार केली आहे.

बावीस खोकी ही निघण्यापूर्वीच्या उत्साहाची संख्या आहे. ती पाच-सहावर आणावी, असे मी सुचवीन. पाच महिन्यांनंतर आपल्याला काय खावेसे वाटेल, हे आज घरी बसून कोणालाही सांगता येत नाही. चालण्याच्या पहिल्या आठवड्यात भूक उलट मंदावते, त्यामुळे बहुतेक जण त्या आठवड्यात नको तेवढे अन्न वाहतात. दोन-तीन आठवड्यांनी मात्र भूक अशी उसळते की ठरवलेला शिधा अपुरा पडतो. शिवाय एकाच चवीच्या जेवणाची चाळीस पाकिटे आधीच बांधून ठेवली, तर पंधराव्या पाकिटाला हात लावण्याची इच्छा उरत नाही. अशी पाकिटे मी स्वतः दुसऱ्या पदयात्रींना वाटून टाकली आहेत, आणि त्यांनीही ती फारशा आनंदाने घेतली नव्हती.

खोके पाठवावे ते जेथे दुकान नाही, किंवा जेथील दुकानात चार-पाच दिवसांचा शिधा मिळण्याची खात्री नाही, अशा ठिकाणी. अमेरिकेच्या पश्चिमेकडील पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी सुमारे ४,२६५ किलोमीटरची वाट आहे. तिच्या उत्तर टोकाजवळ स्टेहेकिन नावाची एक वस्ती आहे, जिला बाहेरच्या रस्त्यांशी जोडणारा एकही रस्ता नाही. तेथे बोटीने, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने किंवा पायी चालतच पोहोचता येते. अशा जागी खोके पाठवणे शहाणपणाचे. ज्या गावात मोठे दुकान आहे तेथे खोके पाठवणे म्हणजे टपालखर्च वाया घालवून दुकानासमोरून जड पिशवी घेऊन जाणे.

खोक्याबाबत काही गोष्टी मात्र काटेकोर पाळाव्यात. त्यावरचे नाव आपल्या ओळखपत्रावरील नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे आणि पोहोचण्याची अपेक्षित तारीख ठळक लिहिलेली असावी. टपाल कार्यालये असे सामान ठराविक काळच सांभाळतात. अमेरिकेत हा काळ साधारणपणे जास्तीत जास्त ३० दिवसांचा असतो. म्हणून सर्व खोकी एकदम पाठवू नयेत. ती घरच्या कोणाकडे बांधून, पण वरून न चिकटवता ठेवावीत आणि दोन-तीन आठवडे आधी एकेक रवाना करायला सांगावे. म्हणजे मधल्या काळात आपण कळवलेला बदल त्यात करता येतो. आणि सुट्टीचे दिवस पाहून ठेवावेत. शनिवारी दुपारी बंद दारासमोर पोहोचलेल्या माणसाला सोमवार सकाळपर्यंत थांबावे लागते, आणि त्या दोन दिवसांचे खाणे आणि राहणे हे त्या खोक्यातल्या सामानापेक्षा महाग पडते.

थंड प्रदेशाच्या आधीचे खोके मात्र दुकान असले तरी जरूर पाठवावे, कारण त्यात शिध्यापेक्षा कपडे महत्त्वाचे असतात. जाड हातमोजे, लोकरी टोपी, जास्त उबदार स्लीपिंग बॅग, दुसरी मॅट या वस्तू उन्हाळी टप्प्यात वाहण्यात अर्थ नाही आणि लहान गावात त्या मिळण्याची शाश्वती नाही. त्या कोठून घ्यायच्या आणि कोठून परत पाठवायच्या, हे दोन्ही मुक्काम सर्वांत आधी नकाशावर ठरवावे आणि मग बाकीची यादी करावी. उबदार कपडे परत पाठवण्याची घाई बहुतेकांना नडते. शेवटची उंच खिंड मागे पडली म्हणजे थंडी संपली, असे नसते.

प्रश्न : थंडीत रोज किती अन्न लागते? मी उन्हाळ्यात दिवसाला ७०० ग्रॅम कोरडा शिधा नेतो.

उन्हाळ्यासाठी तो हिशेब वाईट नाही. थंडीत आणि बर्फात मी तो ८५० ते १,००० ग्रॅमपर्यंत नेतो. पण वजनापेक्षा त्यातील घटक पाहावेत. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, कर्बोदके आणि प्रथिने यांतून सुमारे ४. शिध्याची सरासरी ग्रॅममागे ४ किलोकॅलरी असेल, तर ३,६०० किलोकॅलरींसाठी ९०० ग्रॅम वाहावे लागतात. बदाम, शेंगदाणे, चॉकलेट आणि लहान बाटलीतले तेल यांच्या जोरावर ही सरासरी ५ वर नेली, तर तेवढ्याच ऊर्जेसाठी ७२० ग्रॅम पुरतात. आठ दिवसांच्या टप्प्यात हा फरक जवळजवळ दीड किलोचा होतो.

येथे लोक एक गोष्ट विसरतात. गोठलेले अन्न खाता येत नाही. घरी मऊ असलेली ऊर्जा-वडी उणे दहा अंशांत दगडासारखी होते, आणि दात तुटण्याची भीती ही अतिशयोक्ती नाही. दुपारचे खाणे सकाळीच जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावे. ते असे असावे की जाड हातमोजे न काढता, न थांबता तोंडात टाकता येईल, कारण बोचऱ्या वाऱ्यात कोणीही बसून जेवत नाही. थांबायचे टाळले की खायचे राहते, खायचे राहिले की अंगातली ऊब घटते, आणि संध्याकाळी तंबू उभारताना बोटे ऐकत नाहीत. झोपण्यापूर्वी मात्र सावकाश, स्निग्ध आणि भरपेट खावे. मध्यरात्री थंडीने जाग आली तर सॅकमध्ये काहीतरी शोधण्यापेक्षा उशाशी ठेवलेले मूठभर दाणे खाणे उपयोगी पडते.

शिध्याचे दिवस मोजताना किलोमीटरवर विसंबू नये. १०० किलोमीटरचा टप्पा रोज २५ किलोमीटरने चार दिवसांत होतो, पण मऊ बर्फात पाय रुतू लागले की तोच वेग १४ किलोमीटरवर येतो आणि चाराचे सात-आठ दिवस होतात. बर्फाच्या टप्प्यात म्हणूनच मी कागदावरच्या दिवसांत किमान दोन दिवसांचा शिधा वाढवतो आणि त्यातला एक दिवस वादळात तंबूतच जाणार, असे गृहीत धरतो. हे जादा अन्न संपवून गावात पोहोचलो तर मला समाधान वाटत नाही, उलट पुढच्या टप्प्यात अधिक घ्यायला हवे, असे वाटते.

प्रश्न : गॅस कॅनिस्टर निम्म्याहून जास्त भरलेला असूनही स्टोव्ह पहाटे मिणमिणतो. कॅनिस्टर सदोष होता का? पुढच्या प्रवासात रॉकेलवर चालणारा स्टोव्ह घ्यावा का?

कॅनिस्टर सदोष नसावा. त्यातला वायू द्रवरूपात भरलेला असतो आणि स्टोव्हला लागतो तो त्याची वाफ होऊन तयार झालेला दाब. साधारण हवेच्या दाबाला ब्यूटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो, आयसोब्यूटेन सुमारे उणे १२ अंशांना आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. ज्या कॅनिस्टरमध्ये साधे ब्यूटेन जास्त असते तो शून्याखाली जवळजवळ निकामी होतो. आयसोब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण बरेच खाली काम देते, पण त्यातही एक खोच आहे. प्रोपेन सहज उडत असल्यामुळे तो आधी जास्त प्रमाणात खर्च होतो, त्यामुळे निम्मा रिकामा झालेला कॅनिस्टर नव्यापेक्षा थंडीत अधिक कमजोर असतो. त्यात भर म्हणजे द्रवाची वाफ होताना तो स्वतः थंड होतो. आपण स्टोव्ह जितका वेळ चालवावा तितका कॅनिस्टर आणखी गारठतो. आपण पाहिलेला मिणमिणणारा स्टोव्ह हे या सगळ्याचे एकत्र रूप होते.

रात्री कॅनिस्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे. पहाटे तो उथळ भांड्यातल्या पाण्यात उभा करावा. गोठणबिंदूच्या वरचे साधे थंड पाणीसुद्धा उणे दहा अंशांच्या हवेपेक्षा उबदार असते. तो जमिनीवर किंवा बर्फावर थेट ठेवू नये, खाली मॅटचा तुकडा घालावा. ज्या स्टोव्हला वाफ करून घेणारी नळी असते आणि जो कॅनिस्टर उलटा ठेवून द्रव ओढून घेऊ शकतो, तो थंडीत चांगला चालतो. साध्या, कॅनिस्टरच्या डोक्यावर बसणाऱ्या स्टोव्हचा कॅनिस्टर मात्र कधीही उलटा करू नये. आणि कॅनिस्टरला ज्योतीने, निखाऱ्याने किंवा चारी बाजूंनी आडोसा करून स्टोव्हच्याच उष्णतेने तापवू नये; तो फुटतो.

उणे वीस अंशांच्या आसपास आणि अनेक दिवस बर्फच वितळवायचा असेल, तर पंप मारून दाब देता येणारा, रॉकेलसारख्या द्रव इंधनाचा स्टोव्ह विचारात घेण्यासारखा आहे. तो धूर करणारा, जड आणि सरावाची मागणी करणारा आहे, म्हणून एक-दोन रात्रींच्या थंडीसाठी मी तो घेणार नाही.

इंधनाचे प्रमाण बर्फामुळे दुप्पट होते, आणि याचा साधा हिशेब आहे. १० अंशांचे एक लिटर पाणी उकळायला सुमारे ९० किलोकॅलरी उष्णता लागते. शून्य अंशांचा एक किलो बर्फ वितळवायला ८० आणि मग ते पाणी उकळायला १००, म्हणजे १८०. ज्या टप्प्यात वाहते पाणी मिळणार नाही, तेथे इंधन दुप्पट धरावे आणि वर थोडे. भांड्यात आधी थोडे पाणी घालून त्यात बर्फ टाकावा. नुसता कोरडा बर्फ टाकला तर तळाशी तो वितळण्याआधी भांडे करपते आणि पाण्याला जळकी चव येते. तंबूच्या आत स्टोव्ह लावणे टाळावेच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तंबू ज्या कापडाचा असतो ते कापड जळायला फार वेळ लागत नाही.

गॅस कॅनिस्टर विमानाच्या कोणत्याही सामानातून नेता येत नाही. त्यामुळे कॅनिस्टर हा नेहमी पहिल्या मुक्कामाच्या गावात मिळवण्याचा भाग समजावा आणि त्याची चौकशी निघण्यापूर्वी करावी.

प्रश्न : माझ्या स्लीपिंग बॅगवर उणे १० अंश लिहिले आहे. उणे ३ अंशांत मी रात्रभर कुडकुडले. दुकानदाराने फसवले का?

बहुधा नाही, पण त्या आकड्याने दिशाभूल केली. आय.एस.ओ. २३५३७ या मानकानुसार एका बॅगला अनेक तापमाने देतात. त्यातले आरामाचे तापमान एका प्रमाणित स्त्रीच्या शरीरावर बेतलेले असते आणि मर्यादेचे तापमान एका प्रमाणित पुरुषाच्या शरीरावर. त्याखालचे टोकाचे तापमान हे झोपेचे नव्हे, तर जीव वाचवण्याचे असते. काही उत्पादक मोठा आकडा ठळक छापतात आणि तो मर्यादेचा असतो. आपण आपल्यासाठी आरामाचा आकडाच पाहावा आणि अपेक्षित सर्वांत थंड रात्रीपेक्षा तो ५ अंश खाली असावा.

तरीही बॅगपेक्षा मला आपल्या मॅटचा संशय जास्त येतो, कारण आपण तिच्याविषयी काहीच लिहिलेले नाही. अंगाखाली दबलेले पिसांचे किंवा तंतूंचे अस्तर जवळजवळ निरुपयोगी होते, आणि जमीन मात्र रात्रभर ऊब शोषत राहते. मॅटची उष्णतारोधकता आर-मूल्याने मोजतात. बर्फावर झोपायचे असेल तर ते ५ च्या आसपास असावे. ही मूल्ये एकत्र मिळवता येतात. २ ची बंद पेशींची, म्हणजे फुगवावी न लागणारी, फोम मॅट आणि ३.५ ची हवेची मॅट मिळून ५.५ होतात. फोमची खाली घातली की हवेच्या मॅटला काट्याने छिद्र पडण्याची भीतीही कमी होते. मी तर फोमची मॅट हीच बरोबरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू वस्तू मानतो.

आणखी एक शत्रू ओलाव्याचा. झोपेत शरीरातून निघणारी वाफ बॅगच्या बाहेरच्या थरापर्यंत जाऊन तेथे गोठते. पहिल्या रात्री त्याचे काही वाटत नाही, पण चौथ्या रात्री पिसांचे पुंजके होतात आणि बॅग निम्म्याने पातळ वाटते. दुपारी ऊन असेल तर वीस मिनिटे थांबून बॅग सॅकवर पसरावी, हवी तर चालतानाही. तोंड बॅगमध्ये खुपसून झोपू नये. नाकापर्यंत टोपी ओढून घ्यावी, पण श्वास बाहेर जाऊ द्यावा. मुक्कामाची जागा निवडतानाही विचार करावा. थंड हवा जड असल्याने रात्री ती दरीच्या तळाशी साचते, म्हणून ओढ्याच्या काठावरच्या सपाटीपेक्षा थोडे वरचे आणि वाऱ्यापासून आडोसा असलेले ठिकाण बरेचदा दोन-तीन अंशांनी उबदार असते.

झोपण्यापूर्वी कोरडे मोजे घालावेत आणि झाकण घट्ट बसणारी गरम पाण्याची बाटली बॅगमध्ये मांड्यांच्या मध्ये ठेवावी. त्याच बॅगमध्ये पाण्याचा फिल्टरही ठेवावा. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की त्यातील तंतू फाटतात आणि वरून काहीही दिसत नाही. पाणी तसेच वाहत राहते, फक्त ते शुद्ध होत नाही. माझा एक फिल्टर असाच गेला होता आणि पोट बिघडल्यानंतरच मला ते कळले. लिथियम-आयन बॅटऱ्याही सोबत घ्याव्यात. थंडीत त्यांची क्षमता घटते, आणि शून्याखाली त्या चार्ज केल्यास कायमचे नुकसान होते.

प्रश्न : तहान लागल्यावर बर्फ खाल्ला तर काय बिघडते? आणि झोपण्यापूर्वी थोडी दारू घेतली तर ऊब येते, असे मित्र म्हणतो.

बर्फ तोंडात धरला तर तो वितळवण्याची उष्णता आपलेच शरीर देते. एक किलो बर्फ शरीराच्या तापमानापर्यंत आणायला सुमारे ११७ किलोकॅलरी जातात. चालताना, अंग तापलेले असताना एखादा घास खाल्ल्याने काही होत नाही, पण ते पाणी पिण्याला पर्याय नाही. दारू घेऊ नये. ती त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंद करते, त्यामुळे ऊब आल्यासारखी वाटते, पण प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर जाते.

प्रश्न : मागच्या प्रवासात सोबतचा माणूस पावसात भिजला. आधी तो थरथरत होता, नंतर शांत झाला, आणि आम्हाला वाटले की तो सावरला. पुढे तो अडखळू लागला. सुदैवाने जवळच झोपडी होती. आम्ही काय ओळखायला हवे होते?

शांत होणे हेच ओळखायला हवे होते. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला शरीर हुडहुडी भरवून उष्णता तयार करते. तापमान आणखी खाली गेले, साधारण ३२ अंशांच्या आसपास, की ही हुडहुडी मंदावून थांबते. तेव्हा ती थांबणे म्हणजे धोका वाढणे. त्याआधीच्या खुणा साध्या असतात: माणूस अडखळतो, बोलताना जीभ जड होते, बटणे लावता येत नाहीत, विनाकारण चिडतो किंवा गप्प होतो. तो स्वतः 'मी ठीक आहे' म्हणतो, आणि त्यावर विश्वास ठेवू नये, कारण थंडीने आधी विचारशक्तीच मंदावते.

हायपोथर्मियाला बर्फच लागतो, असा गैरसमज आहे. ५ ते १० अंशांतला पाऊस, वारा आणि ओले कपडे एवढे पुरते. पाणी हवेपेक्षा कितीतरी जलद ऊब शोषते. वाऱ्याचा परिणाम मोठा आहे: शून्य अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते सुमारे उणे ७ अंशांसारखे वाटते. शिवाय उंची वाढली की दर १,००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंशांनी घटते, म्हणून पायथ्याच्या गावातला अंदाज खिंडीला लागू करू नये.

करायचे असे. माणसाला वाऱ्यातून बाजूला करावे, जमिनीपासून मॅटवर उचलावे, ओले कपडे उतरवून कोरडे चढवावे आणि स्लीपिंग बॅगमध्ये घालून वरून तंबूचे कापड गुंडाळावे. तो शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर गोड आणि गरम पेय थोडे थोडे द्यावे. हातपाय चोळू नयेत, त्याला उभा करून पळायला लावू नये. स्थिती गंभीर असेल तर धसमुसळ्या हालचालीने हृदयाची लय बिघडू शकते. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवाव्यात. हुडहुडी थांबलेली आणि शुद्ध धूसर झालेली असेल, तर त्याच ठिकाणी थांबून मदत बोलवावी. त्याला चालवत नेण्याचा मोह आवरावा.

बोटे पांढरी, कडक आणि बधिर झाली असतील तर तो हिमदंश. त्यांना बर्फाने घासू नये. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, म्हणजे अजून चालायचे असेल, तर ती वितळवू नयेत, कारण वितळून पुन्हा गोठलेल्या अवयवाचे नुकसान कितीतरी मोठे असते. सुरक्षित जागी पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवावीत आणि डॉक्टरांकडे जावे.

आपल्या प्रसंगात मला आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते: त्या दिवशी त्या माणसाने दुपारी काय खाल्ले होते? पावसात कोणी थांबले नसेल, तर बहुधा काहीच नाही. पुढच्या वेळी पाऊस सुरू होण्याच्या आधी, अंग अजून कोरडे असताना, सर्वांना काहीतरी खायला लावावे आणि रेनकोट ओला होण्यापूर्वीच चढवायला सांगावा.